गवतामागचे पाय

"दाबला म्हणजे कुठवर दाबला?"

"दाबला म्हणजे दाबला हो बाई! ब्रेक काय मोजून दाबतात?"

"आणि गाडी?"

"गाडी गेली ना पुढं. फुटपाथवर चढली, पुस्तकाच्या दुकानाला धडकली, थांबली. झालं."

"झालं काय? ही बघा पहिली चौकट, तुम्ही वळण घेताय. ही दुसरी, पुढं हातगाडी आडवी आली. ही चौथी, गाडीचं तोंड दुकानात. तिसरी कुठाय?"

"तिसरीत काय असणार? ब्रेक लागला नाही."

"मेकॅनिक लिहून देतो की ब्रेकला धाड भरलेली नाही."

"मग त्या मेकॅनिकलाच बसवा इथं."

बाईनं पेन्सिल कानामागं खोचली आणि टेबलाखाली वाकून पाहिलं. "पाय पुढं घ्या की जरा. खुर्चीखाली कशाला कोंबलेत? इथं कुणी तुडवत नाही."

ड्रायव्हरनं पाय आणखी आत ओढले.

तिथंच बाईच्या मनात पाल चुकचुकली. तिसऱ्या चौकटीच्या रेघा तिनं पुन्हा एकदा गडद केल्या, आत काहीच काढलं नाही, आणि कागद ड्रायव्हरकडं तोंड करून ठेवला. समोर रिकामी चौकट ठेवली की माणूस ती भरायला बघतो. हा बघेना. हा भिंतीवरचं घड्याळ बघत बसला.

बस डेपोच्या चौकशी खोलीत ही बाई अपघातांची चित्रं काढते. ड्रायव्हर, कंडक्टर, उतारू, रस्त्यावरचा माणूस, ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं आणि बाईनं ते चार चौकटीत मांडायचं. साहेब लोक दहा पानी जबाब वाचत नाहीत, चार चित्रं बघतात. डेपोत तिला सगळे पाटीबाई म्हणतात. तोंडावर बाई, पाठीमागं पाटीबाई, आणि ज्याची नोकरी तिच्या चौकटीत अडकते तो आणखीही काय काय म्हणतो. तिच्याबरोबर चहा प्यायला कुणी थांबत नाही. उगाच बोलता बोलता काही तोंडातून निसटायचं आणि ही घरी जाऊन चित्र काढायची, अशी भीती. तीही कुणावर विश्वास टाकत नाही. नवऱ्यानं भाजी स्वस्त मिळाली म्हटलं तरी विचारते, कुठल्या कोपऱ्यावर, विकणारा उभा होता की बसलेला.

या ड्रायव्हरचं प्रकरण वाईट होतं. गाडी धडकली त्याच पुस्तकाच्या दुकानदारानं जबाब दिला होता, "ड्रायव्हरचे डोळे मिटलेले मी स्वतः पाहिले. तो झोपला होता." चालत्या गाडीवर झोपणं म्हणजे नोकरी गेलीच, त्यात साहेबाच्याही हातात काही नसतं. कुणाला लागलं नव्हतं, उतारू चार होते आणि चारही मागं बसलेले. चौकशी उद्या अकराला. घरात खाणारी पाच तोंडं आणि कमावणारा हा एक.

बाईनं जबाबाचं पान उलटलं. खाली दुकानदाराची सही होती. फराटा मारलेली, शेवटी फास काढल्यासारखी गोल शेपटी असलेली. बाईची बोटं कागदावरच थांबली. ही सही तिनं दहा वर्षांची असल्यापासून पाहिलेली होती. चित्रकथांच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर.

तेव्हा त्या दुकानात चित्रकथा भाड्यानं मिळत. दुकानदाराला गल्लीतली पोरं टकमक्या म्हणत, कारण त्याची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं नसायचीच, हाताकडं असायची. कोण पान दुमडतं, कोण पुस्तक सदऱ्यात सारतं. पुस्तकं परत यावीत म्हणून त्यानं एक नामी युक्ती काढली होती. प्रत्येक चित्रकथेचं शेवटचं पान तो फाडून घ्यायचा आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवायचा. पुस्तक घरी न्या, वाचा. शेवट हवा तर पुस्तक परत आणा आणि गल्ल्यापाशी उभं राहून ते पान बघा. तेही तो स्वतः हातात धरायचा. तीस आकडे मोजायचा आणि पान खणात.

या युक्तीपायी सगळी गल्ली त्याला शिव्या घालायची आणि सगळी गल्ली त्याच्याकडंच जायची.

पाटीबाई तेव्हा फ्रॉकमधली, केसाला तेल लावू न देणारी, शिंप्याची थोरली पोर. तिला चित्रकथांचं वेड असं की जेवताना ताट एका हाताला आणि पुस्तक दुसऱ्या. शेवटचं पान नाही म्हणून इतर पोरं चरफडायची, ही स्वतःच काढायची. बापाच्या मापाच्या वहीमागं, खडूनं, निळ्या पेन्सिलनं, जे मिळेल त्यानं. मग पुस्तक परत द्यायला जायची, तीस आकड्यांत खरं पान डोळ्यांनी पिऊन घ्यायची आणि घरी येऊन तेही काढायची. तिचं तिच्यापाशी आणि खरं तिच्यापाशी, अशी दोन शेवटांची चवड गादीखाली साठत गेली.

काढता काढता तिला एक चोरी सापडली. चित्रकारांना पाय काढता येत नाहीत. चेहरा झकास, दंड फुगलेले, हातात तलवार अगदी अशी, आणि घोट्याखाली गवत. नाहीतर धूळ. नाहीतर धूर. माणूस दिवाणखान्यात उभा असला तरी पायापाशी कुंडी. एकदा ही चलाखी कळल्यावर तिला दुसरं काही दिसेचना. जिथं गवत तिथं चित्रकाराची फजिती. मग ती गवत गाळून पाय काढायला लागली. बापाचे पाय मशीनच्या पायट्यावर दिवसभर हलायचे, तेच बघून बघून शिकली. अंगठा कुठं वळतो, टाच कधी उचलते.

आणि एक दिवस टकमक्या तिच्या घराच्या दारात उभा राहिला. हातात मापाच्या वहीतला कागद.

"शिंपी, तुमची पोर चोर आहे."

मशीन थांबलं.

झालं होतं असं. एका पाणबुड्याची गोष्ट होती, गल्लीत सगळ्यात जास्त मागणी असलेली. तिचं शेवटचं पान खणातून गायब झालं. टकमक्यानं अख्खा खण उपसला, पान नाही. आणि त्याच दिवशी परत आलेल्या दुसऱ्या पुस्तकात पोरीनं विसरलेला हा कागद निघाला. तेच शेवटचं पान. तशाच सात चौकटी, तोच पाणबुड्या, तीच बोट.

"काचेवर ठेवून गिरवलंय," टकमक्या म्हणाला. "गिरवायला खरं पान लागतं. म्हणजे खरं पान हिच्याकडं."

"मी गल्ल्यापाशी बघितलं होतं," पोर म्हणाली.

"तीस आकड्यांत? माझे डोळे पांढरे झाले पानं बघून, मला नाही आठवत!"

बापानं एकदा पोरीकडं, एकदा कागदाकडं पाहिलं. तोही काही पोरीच्या बाजूचा नव्हता. गादीखालची चवड त्याला सापडली होती आणि मापाची वही का झिजते तेही कळलं होतं. पण मापल्याशिवाय कापड कापायचं नाही ही त्याची सवय. "मग दुसरं पान दाखवा," तो म्हणाला. "तीस मोजा. काढते का बघू."

टकमक्यानं जाऊन एक पान आणलं, तिनं कधीच न नेलेल्या पुस्तकाचं. तीस मोजले, तेही जरा घाईघाईत, आणि पान खिशात घातलं. पोर फरशीवर पालथी पडली. बापानं गिऱ्हाइकाचा सदरा शिवून संपवला तेव्हा तिचंही संपलं.

टकमक्यानं खिशातलं पान काढून शेजारी धरलं. बराच वेळ धरलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"चुकलं! इथं गवत आहे. हिनं पाय काढलेत."

"गवतामागं पाय असणारच ना," पोर म्हणाली.

"बघा, शिंपी. हे नुसतं बघून काढलं, तर चुकलं. ते पाणबुड्याचं बरोबर आहे. म्हणजे ते गिरवलेलं! म्हणजे चोरलेलं!"

यावर काय बोलणार? पाणबुड्याचं खरं पानच नव्हतं, तर ते बरोबर की चूक हे ताडून कोण बघणार? पण दहा वर्षांच्या पोरीला एवढं सुचलं नाही आणि बापाला भांडण वाढवायचं नव्हतं. टकमक्या तिचा कागद जप्त करून घेऊन गेला आणि दुकानाची पायरी तिला बंद झाली. गल्लीतल्या आया आपापल्या पोरींना सांगायला लागल्या, तिच्याजवळ दप्तर उघडं ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी बापानं तिला पाट्या रंगवणाऱ्याकडं नेलं. पोरगी गुणाची आहे, कलावंत आहे, असलं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. तो एवढंच म्हणाला, "हिनं सात चौकटी पट्टी न लावता काढल्या, सगळ्या एका मापाच्या. हिला कामाला लाव."

पाट्यांवरून ती डेपोत आली. बसच्या कपाळावरची गावांची नावं, मागचा नंबर, दारावरचं 'हात बाहेर काढू नका'. वीस वर्षं ब्रश चालला. मग बसच्या कपाळावर दिव्यांच्या पाट्या आल्या, आपोआप बदलणाऱ्या, आणि डेपोनं ब्रश धुऊन ठेवायला सांगितलं. त्याच आठवड्यात आवारात दोन गाड्या एकमेकींना घासल्या. दोन्ही ड्रायव्हर भांडायला लागले, साहेबाला कुणाचंच कळेना. पाटीबाईनं जुन्या पाटीच्या मागं चार चौकटी काढल्या. साहेब पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही उद्यापासून वर बसा."

तर ती वर बसली. आणि आता तिच्यासमोर टकमक्याची सही होती.

पहिली शंका तिला स्वतःचीच आली. चाळीस वर्षं एक राग पोटात ठेवलेला माणूस सरळ रेघ काढेल का? म्हातारा खोटं बोलतोय असं तिला वाटत होतं, की वाटावंसं वाटत होतं? तिनं कागद आवरले, टेप घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "जाऊ नका कुठं. मी जागा बघून येते."

"माझ्याविरुद्धच काढायचंय ना? इथं बसून काढा," ड्रायव्हर म्हणाला.

दुकान तेच होतं. पुस्तकं कमी, धूळ जास्त. कोपऱ्याची लाकडी फळी बसनं मोडलेली, गल्ला भिंतीकडं सरकून बसलेला. टकमक्या खुर्चीत होता, वाळून काडी झालेला, पण नजर तीच, आधी तिच्या हातांवर गेली.

"डेपोतून आलेय, काका. चित्र काढायला."

"काढ. हात मात्र फळीवर ठेवू नकोस." मग त्यानं मान वर केली. "तू शिंप्याची ना? पान चोरणारी?"

"तीच."

"वाटलंच. आता त्या झोपाळूला सोडवायला आलीस."

बाईनं टेप पसरली. दारापासून गल्ला, गल्ल्यापासून खुर्ची. खुर्चीचे पाय फरशीत रुतून चार खळगे पडले होते आणि खुर्ची बरोबर त्या चार खळग्यांत उभी होती. पाठ रस्त्याकडं, तोंड फळ्यांकडं.

"तेव्हाही खुर्ची इथंच होती का?"

"मग कुठं जाणार? चाळीस वर्षं इथंच आहे. तुझ्यासारख्यांवर डोळा ठेवायचा तर तोंड आतच हवं. रस्त्याकडं बघत बसलो असतो तर एक पुस्तक शिल्लक राहिलं नसतं. एकदासुद्धा मी रस्त्याकडं तोंड करून बसलेलो नाही, विचार कुणालाही!"

बाईनं मान वळवून रस्त्याकडं पाहिलं. म्हाताऱ्यालाही मग आपण काय बोललो ते ऐकू आल्यासारखं झालं.

"आवाज झाला की वळलो ना मी," तो म्हणाला.

"आवाज झाला तेव्हा गाडी दुकानात होती. तोवर झोपलेला माणूसही जागा होतो."

"आरसा आहे," म्हातारा घाईनं म्हणाला. "तो बघ वर. आरशात दिसला."

वर खरंच आरसा होता. आता बाईला आयतं मिळालं होतं, नाही दिसत म्हणून सांगता आलं असतं. पण तिनं म्हाताऱ्याला उठवलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसली. त्याच्या उंचीइतकी मान केली. एकदा वर, एकदा खाली, एकदा तिरकी. आरशात मागच्या फळीचा कोपरा दिसत होता आणि त्यात कोंबलेली जुनी पुस्तकं. रस्ता नाही. रस्त्याचा उजेडही नाही.

"तुम्ही बसा, काका, आणि सांगा काय दिसतं."

म्हातारा बसला. वर बघितलं. मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"गाडी दुकानात शिरते," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे झोपलेलाच असणार. नाहीतर कशाला शिरेल?"

"शेवटचं पान बघून आधीचं सांगताय."

ती वळली तेव्हा तिचं लक्ष गल्ल्यावर गेलं. धक्क्यानं खण अडकला होता, म्हाताऱ्यानं त्याची पाठच उचकटून काढली होती. मागच्या फटीत वर्षानुवर्षं घसरून पडलेलं सगळं वर काढून ठेवलेलं. रबर, टाचण्या, एक दात तुटलेला कंगवा. आणि वजनाखाली एक पिवळं पान. सात चौकटी. पाणबुड्या.

बाईनं हात लावला नाही. "हे कुठं होतं?"

म्हाताऱ्यानं तळवा पानावर ठेवला. "होतं."

"आणि माझा कागद?"

त्यानं फळीवरून पाणबुड्याचं पुस्तक काढलं. त्याच्या मागं, शेवटचं पान म्हणून, मापाच्या वहीतला तो कागद खोचलेला होता. कोपरे बोटांनी काळे पडलेले. म्हणजे इतकी वर्षं या इसमानं चोरीचा माल म्हणून जप्त केलेलं पान गिऱ्हाइकांना शेवट म्हणून दाखवलं होतं, आणि तीस आकडे मोजून!

"शेजारी ठेवा," बाई म्हणाली. "शेवटची चौकट बघा. छापलेल्यात पाणबुड्याच्या पायापाशी काय आहे?"

"फेस."

"माझ्यात?"

म्हातारा वाकला. चष्मा वर केला, खाली केला. "पाय."

"मग गिरवलं कुठून?"

दुकानात माशी घोंघावत होती. म्हाताऱ्यानं दोन्ही पानं पुन्हा पाहिली, मग दाराकडं, मग तिच्या हातांकडं.

"हे छापलेलं पान," तो म्हणाला, "तूच आत्ता सरकवलंस."

बाई हसली. डेपोत तिला हसताना कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळं याला पुरावा नाही. तिनं टेप गुंडाळली आणि खुर्ची, आरसा, दार असं सगळं मापानं कागदावर काढलं. खाली लिहिलं, 'या जागेवरून रस्ता दिसत नाही.' म्हाताऱ्यापुढं सहीला धरलं.

"मी वाचल्याशिवाय सही करत नाही."

"वाचा."

त्यानं वाचलं, कागद उलटून मागंही बघितलं, कागदाखाली दुसरा कागद नाही ना ते तपासलं, आणि सही केली. फराटा आणि गोल शेपटी. झोप पाहिली नाही असं त्यानं कबूल केलं नाही. खुर्ची इथंच असते, एवढ्याचीच ती सही, असं दोनदा बजावलं.

डेपोत ड्रायव्हर तसाच बसून होता, पाय खुर्चीखाली.

"दुकानदारानं तुम्हाला पाहिलं नाही," बाई म्हणाली. "झोप गेली. पण ब्रेक शाबूत आणि गाडी दुकानात, एवढं उरतंच. तिसरी चौकट रिकामी राहिली तर साहेब तिथं काय भरतील ते मला सांगता यायचं नाही. बूट काढा."

"काय?"

"नवे आहेत. पुढं एक घडी पडलेली नाही. सकाळी जिना चढताना तुम्ही उजवा पाय आतल्या कडेवर टाकत होता. बूट काढा."

ड्रायव्हरनं दाराकडं पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं? कंडक्टरनं सांगितलं ना? तो आहेच तसला."

"बूट."

बूट निघाले. उजव्या करंगळीवर बोराएवढं कुरूप. ते बघितल्यावर विचारायचं फारसं काही उरलं नाही. बूट घालायची सक्ती, बुटानं जीव जातो, म्हणून हा चप्पल घालून यायचा, गाडीत चढला की ती काढून सीटजवळ ठेवायचा आणि अनवाणी गाडी हाकायचा. निम्मे ड्रायव्हर हेच करतात. उघड्या पायाला पेडल बरोबर कळतं म्हणतात. वळणावर चप्पल घसरली आणि ब्रेकच्या पेडलखाली गेली.

"चप्पल कुठाय?"

"पिशवीत." तो आता कुजबुजत होता. "बाई, दोनदा शेरा मिळालाय मला चपलेपायी. तिसऱ्यांदा सापडलो तर..."

"झोपेला काय मिळतं ते माहीत आहे ना?"

त्यानं पिशवीतून चप्पल काढली. टाचेवर आडवा चर होता, बोट बसेल एवढा खोल. बाईनं टेपनं मापला. मग तिसऱ्या चौकटीत तिनं फक्त पाय काढला. उघडा पाय, वळलेला अंगठा, वर पेडल, खाली चप्पल. ड्रायव्हर वाकून बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "हे तुम्ही माझ्या बाजूनं काढलंय की विरुद्ध?"

"पाय काढलाय."

त्याला ते पटलं नाही. चप्पल पुन्हा पिशवीत घालताना त्यानं तिच्याकडं पाठ केली.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेबांनी चार चित्रं पाहिली, चप्पल पाहिली, मेकॅनिकला बोलावून चर आणि पेडल जुळवून घेतलं. जुळलं. मग साहेबांनी चष्म्यावरून विचारलं, "बाई, तो दुकानदार तुमच्या ओळखीचा निघाला म्हणे?"

"हो. लहानपणी त्यानं मला चोर ठरवलं होतं."

"म्हणजे त्याचा जबाब तुम्ही..."

"म्हणून त्याच्याच हातची सही आणली. आणि माप आहे. तुम्ही जाऊन खुर्चीत बसून बघा."

साहेब खरंच गेले. बसून आले. ड्रायव्हरची नोकरी राहिली. महिनाभर त्याला गाडीवरून उतरवून धुलाईला लावलं, आणि डॉक्टरकडून कुरूप काढून आणल्याशिवाय परत चढायचं नाही असं लिहून दिलं. आता तो खाली आवारात पाण्याचा पाइप धरून उभा असतो. बाई जिन्यावरून उतरली की पाइप दुसरीकडं वळवतो आणि शेजारच्याला काहीतरी सांगतो. काय सांगतो ते तिच्यापर्यंत यायचं ते येतंच, की ही बाई आधी पाय बघते, सांभाळून.

चौकशी झाली त्याच दिवशी बाईच्या खोलीत पुढचा माणूस आला होता. मागच्या दारातून उतारू पडला, असं सांगणारा कंडक्टर. खुर्चीत बसता बसताच त्यानं तिकिटांची पिशवी पायांवर ठेवली.

बाईनं नवा कागद घेतला, पट्टी न लावता चार चौकटी आखल्या आणि पेन्सिल पिशवीकडं रोखली.

"ती आधी टेबलावर ठेवा. हं. दार कुणी उघडलं?"